तुडवणीच्या रांगेतली आजी

माझ्या मामाने माझ्या बापाला फसवलं. लग्न ठरायच्या दिवशी, भर दुपारी, पाहुण्यांना चहा-पोहे खायला घालून फसवलं. माझ्या आईला बघायला कोपरहून माणसं बाळकुमला आली, तेव्हा मामाने स्वतःच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, मागच्या दाराने घराबाहेर काढलं आणि खाडीकाठच्या मिठागरात नेऊन बायकांच्या रांगेत उभं केलं. आजीचे हातपाय आपोआप हलत. थांब म्हटलं तरी तिला थांबता येत नसे. त्या दिवसांत मिठागरात बायका ओळीने उभ्या राहून वाफ्यांतला चिखल तुडवत असत. सगळ्याच हलणाऱ्या बायकांमध्ये एक हलणारी बाई कुणाच्या डोळ्यांत येणार? कुणाच्याच आली नाही. लग्न ठरलं.

जुने दरवाजे, खिडक्या, चौकटी घेणं आणि विकणं हा माझा धंदा. कल्याणच्या रस्त्याला माझा गाळा आहे. सुरुवात हातगाडीवरच्या मोडक्या खिडक्यांपासून केली, कुणाच्या ओळखीने मला एक खिळासुद्धा मिळालेला नाही. घासाघीस करताना माझा आवाज चढतो, हे ठाण्यापासून कल्याणपर्यंत या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मागून मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण गिऱ्हाइकाला दार दाखवताना वाळवी लागलेली बाजू मी आधी पुढे करतो. बघ, नखाने खरवड, ठोकून आवाज ऐक, मग भाव बोलू. खोट झाकून माल दिला असं माझ्याबद्दल कुणी म्हटलेलं नाही. लाकडाच्या बाबतीत मी जे पाळतो, ते माझ्या मामाने माणसांच्या बाबतीत पाळलं नाही. हे मी इतकी वर्षं गिळून बसलो होतो. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"भाच्या, घर पाडायला घेतलंय. दारं तूच ने. परक्याला कनाला द्यायची?"

बाळकुमला हल्ली रिक्षावाल्याला गाव सांगून उपयोग नसतो. कॉम्प्लेक्सचं नाव सांगावं लागतं, आणि ती नावं अशी, की ज्याच्या जमिनीवर ती उभी आहेत त्या माझ्या मामाच्या जिभेवर बसत नाहीत. दोन उंच इमारतींच्या मधे त्याचं कौलारू घर अजून तग धरून होतं. मामा ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होता. ऐंशीच्या घरातला माणूस. चकत्या कागदासारख्या पातळ आणि सगळ्या सारख्या. चपला काढायच्या आधी मी त्याच्या हातांकडे बघितलं. हल्ली मी सगळ्यांच्याच हातांकडे आधी बघतो. ते हात स्थिर होते, आणि त्या स्थिर हातांचा मला असा संताप आला की 'बरा आहेस ना' हे विचारायचं राहूनच गेलं.

"बस. पानी घे. तोंड का असं केलंस?"

"तोंड माझं असंच आहे."

"तुज्या आयेचं हाय ते," मामा म्हणाला आणि सुपारीची एक चकती माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही.

मी कामाला लागलो. पुढचं दार सागवानी, दुहेरी, वर कोरलेली वेल. त्याच्यावर चॉकलेटी ऑइलपेंटचा जाड थर. मी वरपासून खालपर्यंत बोटाच्या पेराने ठोकत आलो. वर भरीव आवाज. गुडघ्याच्या खाली आल्यावर आवाज बदलला.

"बर्मा सागवान हाय," मामा खुर्चीतून म्हणाला.

"खालून पोकळ आहे. रंग कुणी मारला?"

"मीच. दिवाळीला."

"वाळवीवर?"

"बघनाऱ्याला बरं दिसतं."

मग त्याने आवाज खाली आणला. माझ्या मुलीला बघायला रविवारी कल्याणहून माणसं येणार, ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. "पोराचं घर चांगलं हाय बोलतात. आता तू तुजं तोंड बंद ठेव. तुज्या आयेचं काय झालेलं, ते कोनाला सांगत बसू नको. इचारलं तर बोल, म्हातारपन. पोरीचं नुकसान करू नको."

उत्तर दिलं असतं तर ओट्यावरची कुंडी उचलून दिलं असतं. माळ्यावर काय आहे बघतो म्हणून शिडी लावली आणि वर चढलो. तिथे जुन्या पाट्यांच्या आणि फुटक्या रांजणाच्या मागे मीठ ओढायची लांब दांड्याची फळी होती. वाफ्यात तयार झालेलं मीठ काठाकडे ओढून घ्यायला ती लागते. लाकूड काळं पडलेलं, पण फळीच्या कडेला अजून पांढरी रेघ. मी जीभ लावली. खारट. इतक्या वर्षांनी खारट.

*

दिवाळीच्या सुट्टीत आई मला कोपरहून बाळकुमला आणायची. पावसाळा संपलेला असायचा, खाडीचं पाणी उतरलेलं असायचं, आणि मिठागराला हिरवट चिखलाचा वास असायचा. त्या वासात कुजलेलं गवत होतं, खेकडे होते, लोखंडासारखं काहीतरी होतं. बाहेरच्या माणसाला तो वास घाण वाटेल. मला आजही कुठल्या इमारतीच्या पायाच्या खड्ड्यात तो वास आला तर मी बोलणं थांबवतो. समोरचा समजतो, मी भाव पाडायला गप्प झालो.

मीठ पिकायच्या आधी वाफ्यांचा तळ दगडासारखा घट्ट व्हावा लागतो. तो पायांनी तुडवून घट्ट करायचा. बायका लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, एकमेकींच्या कमरेला हात घालून ओळ करायच्या आणि एक पाय, मग दुसरा, मग मागे, मग पुन्हा पुढे. धप्प, धप्प. त्या तालावर एक जण गाणं धरायची आणि बाकीच्या ओढायच्या. वाफ्याच्या एका टोकाला निघालेली रांग दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत गाण्यात कुणाची तरी सासू येऊन गेलेली असायची, कुणाचा तरी नवरा पिऊन पडलेला असायचा, आणि हसताना रांग वाकडी व्हायची. मुकादम बांधावरून ओरडायचा, "दात आत, पाय खाली." त्याच्याही नावाने मग एक कडवं जोडलं जायचं.

मी बांधावर बसून भाकरी खायचो. तांदळाची भाकरी, भाजलेला सुका बोंबील, वर कांदा. माझी आई माहेरवाशीण, तिला तुडवायला कुणी सांगितलेलं नसायचं. पण गाणं कानावर पडलं की ती लुगडं खोचून रांगेत शिरायची, आणि तिने सूर धरला की बाकीच्या गप्प व्हायच्या. मग उन्हाळ्यात आम्ही पुन्हा यायचो तेव्हा त्याच वाफ्यांत मीठ फुललेलं असायचं. डोळे मिटावे लागतील इतकं पांढरं. पाणी आटताना बारीक करकर आवाज यायचा, कान जमिनीला लावला तर. कैरीला ते ओलं, जाड मीठ लावून खायचं आणि ओठ फाटले तरी खायचं. संध्याकाळी मिठाच्या ढिगांवर पेंढा घालायचे. पाय धुतले तरी टाचांना पांढरी रेघ राहायची, झोपेपर्यंत.

ते मिठागर आता नाही. तिथे काय आहे ते मी सांगणार नाही, कुणी तिथे राहत असेल.

आजीला मी पाहिलं नाही. माझ्या जन्माआधीच ती गेली. घरात तिचा फोटो नव्हता. विचारलं तर मामी म्हणायची, तिला मिठागरातलं काहीतरी लागलं होतं. तुडवण अंगात बसली, असंही कुणी म्हणायचं. मला ते खरं वाटायचं. दिवसभर बांधावर बसून तो ताल ऐकला की माझेही पाय अंथरुणात हलायचे.

*

आमच्यात लग्न लावायला धवलारीण लागते. ती गाणी म्हणते तेव्हा हळद लागते, ती गाते तेव्हा मांडवाला अर्थ येतो. माझी आई कोपरची धवलारीण होती. लग्नसराईत ती घरी नसायचीच. परत यायची तेव्हा तिच्या लुगड्याला हळदीचा, खोबरेल तेलाचा, ओल्या तांदळाच्या पिठाचा वास असायचा. बोटांच्या चिमटीतून पीठ सोडत ती अंगणात चौक काढायची. रेघ अशी सरळ, की सुताराने दोरी मारून घ्यावी. मी आज चौकट मापतो ती नजर माझ्याकडे तिथून आली. बापाकडून नाही. बाप भाताच्या शेतीतला, नंतर एमआयडीसीतल्या कंपनीत लागलेला, बोटं जाड, बोलणं कमी.

मी शाळेत वरच्या वर्गात होतो तेव्हा एका हळदीत आईचा हात उडाला. हातात ताट होतं. ताट पडलं नाही, पण हवेत तिरकं फिरलं आणि हळद पाटावर बसलेल्या नवरीच्या कपाळावर, केसांवर, मागच्या भिंतीवर उडाली. गाणं मात्र तुटलं नाही. एक म्हातारी ओरडली, "देवी आली, देवी आली." बायका उठल्या. कुणी आईला कुंकू लावलं, कुणी खण आणला, नारळ आणला, कुणी पाया पडली. नवरीच्या आईने तिच्या पायावर पाणी घातलं. मी मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो आणि अभिमानाने फुगलो होतो. माझ्या आईच्या अंगात देवी येते.

पुढच्या दोन लग्नसराया ती देवी गाजली. लांबून, भिवंडीकडून, कल्याणच्या पलीकडून माणसं तिला बोलवायला यायची. आईच्या खांद्याला झटका आला की ढोलकीवाला आपसूक जोर करायचा. घरात नारळांची रास. आम्ही नारळाची चटणी, नारळाची बर्फी, नारळाचं सगळं खाल्लं. आई रात्री हाताला तेल चोळत बसायची आणि स्वतःशीच म्हणायची, "देवी नाय न काय नाय. हात माजाच हाय. ऐकत नाय माजं."

नवरात्रात ती मला टेंभी नाक्याच्या देवीला न्यायची. दर्शनाची रांग अशी लांब, की मागचं टोक दिसायचं नाही. एकदा त्या गर्दीत तिची मान डोलायला लागली, हात वर गेला. पुढच्या बायकांनी मागे बघितलं आणि बाजूला झाल्या. वाट झाली. आईने माझं मनगट पकडलं आणि सरळ पुढे निघाली.

मी म्हणालो, "आई, खरंच आली का गं?"

"रांग चुकली ना आपली? मंग गप चाल."

कापूर, झेंडू, उदबत्ती, घामाने भिजलेले नवे कपडे. त्या वासांमध्ये ती हसत होती. मी तिला शेवटचं असं हसताना कधी पाहिलं ते आठवायला लागलो की मला टेंभी नाकाच आठवतो.

मग पाय वळायला लागले. शब्द चिकटायला लागले. एका लग्नात ती पाटावरून घसरली आणि नवरदेवाची आजी म्हणाली, "हिला नको. ही देवी नाय, हे दुसरंच काय तरी हाय." त्या वर्षीपासून आमंत्रणं आली, पण जेवायची. गायला कुणी बोलावलं नाही. ज्या बायकांनी तिच्या पायावर पाणी घातलं होतं, त्या वाटेत पोरांना जवळ ओढून घ्यायला लागल्या. मी त्यातल्या एकेकीची नावं सांगू शकतो. आजही त्यांच्या घरचं दार विकायला निघालं तर मी घेत नाही, फुकट दिलं तरी.

पण सगळ्यात आधी जे आलं होतं ते हाताचं नव्हतं. आधी राग आला होता. जी बाई मुकादमावर गाणी रचून हसायची, ती भात करपला म्हणून पातेलं अंगणात फेकायला लागली. शेजारणीशी नळावरून, माझ्याशी चपलेवरून, बापाशी कशावरूनही. बाप काही बोलायचा नाही. पातेलं उचलायचा, घासायचा, चुलीवर ठेवायचा. शेवटच्या वर्षांत त्याने पलंगाच्या कडांना जुन्या गोधड्या बांधल्या, तिला लागू नये म्हणून. मांडीवर डोकं घेऊन तिला पेज भरवायचा. चमचा तोंडाशी नेईपर्यंत तिची मान निघून जायची. तो चमचा तसाच धरून वाट बघायचा, मान परत येईपर्यंत. कधी घाई केली नाही. मी त्याच्याकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, या साध्या माणसाला बाळकुमवाल्यांनी काय गळ्यात बांधलं.

*

ठाण्यातल्या एका डॉक्टरांकडे आम्ही तिला फार उशिरा नेलं. माझं लग्न झालं होतं. माझी मुलगी मयूरी तेव्हा नुकती रांगायला लागली होती, बाहेरच्या बाकांखालून ती लोकांच्या चपला ओढत होती आणि सुनंदा, माझी बायको, तिच्यामागे वाकून पळत होती.

डॉक्टरांनी आईला चालायला लावलं, जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितली. जीभ राहिली नाही, सापासारखी आत गेली. मग त्यांनी विचारलं, "यांच्या आई-वडिलांपैकी कुणाला असं होतं का?"

आणि आई हसायला लागली. बोलणं तिचं तेव्हा अडखळत होतं, पण ही गोष्ट तिने पूर्ण सांगितली. "मना बघायला आयलेली, तवा दादानं आयेला रांगेत उभी केलेली. बाकी सगल्या थांबल्या, तरी ती तुडवतच होती." पुन्हा हसली. डॉक्टर हसले नाहीत. बापाने खाली स्वतःच्या चपलांकडे बघितलं.

डॉक्टरांनी नाव सांगितलं. हंटिंग्टन. मेंदूचा आजार, आईकडून किंवा बापाकडून येतो. प्रत्येक मुलाला अर्धी शक्यता. म्हणजे येईल किंवा येणार नाही. मी आयुष्यात असा व्यवहार ऐकला नव्हता, ज्यात घासाघीस नाही. मी तरी केली. माझा बांधा बापाचा आहे, म्हटलं. मी एकुलता एक आहे, म्हटलं. डॉक्टर ऐकत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "आणि कधी कधी हातांच्या आधी स्वभाव बदलतो. चिडचिड, संताप. घरच्यांना वाटतं, माणूसच असा आहे."

त्या दिवसापासून माझा राग माझा राहिला नाही.

हे कुणाला समजणार नाही. मी जे काही उभं केलं ते या रागावर केलं. ठेकेदाराने दिलेला शब्द फिरवला की माझं डोकं तापायचं, आणि तापलेल्या डोक्याने मी जे बोलायचो त्यावर माल माझ्या दारात यायचा. हा राग माझी कमाई आहे असं मी समजत होतो. आता प्रत्येक वेळी आवाज चढला की आत कुणीतरी विचारतं, हा तू बोलतोयस की ती? मग त्या विचाराचाही राग येतो. तो कुणाचा?

आईचं ज्या वयात सुरू झालं ते वय मी ओलांडलं. डॉक्टर म्हणतात, त्याला काही अर्थ नाही. सकाळी मी आंघोळीनंतर आरशासमोर जीभ बाहेर काढून उभा राहतो. सुनंदाने एकदा पाहिलं आणि दार लोटून घेतलं.  चहाचा कप मी काठोकाठ भरू देत नाही. रंधा मारताना हात हलला तर तो लाकडाच्या गाठीमुळे हलला, हे स्वतःला दाखवायला गाठ शोधत बसतो.

*

बाळकुमहून ती फळी गाडीच्या टपावर बांधून घरी आलो, त्या संध्याकाळी जेवताना मयूरी म्हणाली, "पप्पा, मी समीरला सांगितलंय."

समीर म्हणजे तो मुलगा, रविवारी ज्याच्या घरचे तिला बघायला येणार होते.

"काय सांगितलंस?"

"सगळं. आजीचं, पणजीचं. तो म्हणाला ठीक आहे. पण त्याच्या घरी तू सांगायचंस. मी नाही."

"मी काय सांगू? मला काय झालंय?"

"तेच तर. तुला काय झालंय, की काहीच नाही झालंय, ते तुलाच माहीत नाही. तपासणी असते. आधी बोलायला बसवतात, समजावून सांगतात, मग रक्त घेतात. मी किती वेळा म्हटलं, चल."

"मी नाही करणार. माझ्या रक्तात काय आहे ते माझं मी बघेन."

"तुझ्या एकट्याच्या आहे का ते? तुझ्यात नसेल तर माझ्यातही नाही. मी सुटले. एवढं तरी कळेल." ती थांबली. मग तिच्या आजीसारखं तोंड वाकडं करून म्हणाली, "लोकांची दारं ठोकून बघतोस. स्वतःला कधी ठोकणार?"

मी ताट सरकवलं. जोरात सरकलं, वाटी सांडली, आमटी टेबलावरून सुनंदाच्या मांडीवर गेली. मी काहीतरी ओरडत होतो, काय ते आठवत नाही. मयूरी ओरडली नाही. रडली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती.

सुनंदा फडकं घेऊन उठली. "बस आता," एवढंच म्हणाली. आम्हा दोघांपैकी कुणाला म्हणाली, ते कळलं नाही.

*

काल मी टेम्पो घेऊन पुन्हा बाळकुमला गेलो. दारं उतरवायची होती. मामा त्याच खुर्चीत, तोच अडकित्ता. माझ्या कोपराच्या खळीत कापसाचा बोळा आणि वर चिकटपट्टी होती. त्याने ती पाहिली आणि सुपारी कातरायची थांबवली.

"रक्त दिलंस?"

"सकाळी. मयूरी आलेली बरोबर."

"कनाला ही उठाठेव? कळून काय करनार?"

मग मी बोललो. इतक्या वर्षांचं सगळं. टेम्पोवाला बाजूला जाऊन उभा राहिला, समोरच्या इमारतीतल्या गॅलऱ्यांमध्ये माणसं आली. मी म्हणालो, तू खोटा माल दिलास. आजीला गुरासारखी हाकलून रांगेत लपवलीस. माझा बाप साधा माणूस, त्याला तू फसवलंस, आणि त्याने जन्मभर गोधड्या बांधल्या नि पेज भरवली, आणि तू इथे सुपारी कातरत बसलास.

मामाने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, "तुज्या बापाला कोन फसवनार? तो परत आयलेला."

"कधी?"

"दुसऱ्या दिशी. एकटाच, सायकलवर. सांजचा. बायका घरी गेलेल्या. आये बांधावर बसलेली, मी तिला न्यायला गेलेलो. तिचे पाय चालूच, बसल्या जागी. मी लांबून बघितलं तर तुजा बापूस तिच्या बाजूला बसलेला. तांब्या धरून तिला पानी पाजत होता. तिची मान गेली की थांबायचा, आली की पाजायचा. मना वाटलं, झालं, मोडलं लगीन. तो उठला, माज्याकडं आला नि बोलला, तारीख काढा."

"आणखी काय बोलला?"

"काय नाय. बोलायचा कुठं तो? त्याला तुजी आय पायजे होती. तिचं गानं ऐकलं होतं त्याने कुठल्या लग्नात."

समोरच्या इमारतीतून कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता. मी पुढच्या दाराला टेकलो. चॉकलेटी रंग उन्हाने तापला होता. मला आधी डॉक्टरांच्या खोलीतल्या बापाच्या चपला आठवल्या, ज्यांच्याकडे तो इतका वेळ बघत होता. मग तो चमचा आठवला. वाट बघणं त्याला आधीपासून येत होतं, हे मला का कळलं नाही? बांधावर, तांब्याने, तो आधीच एकदा शिकून आला होता.

म्हणजे देणाऱ्याला खोट ठाऊक होती आणि घेणाऱ्यालाही ठाऊक होती. दोघांनी समजून-उमजून हात मिळवले. मग आईच्या अंगात देवी येते म्हणून गावभर नारळ फुटत होते तेव्हा तो गप्प. मी सुनंदाला बघायला गेलो तेव्हा तो माझ्या शेजारी बसून पोहे खात होता, गप्प. माझ्या लग्नात माझ्या डोक्यावर अक्षता टाकताना गप्प. मयूरी झाली, तिला कडेवर घेऊन त्याने कोपरभर पेढे वाटले, तेव्हाही. ज्या माणसाची बाजू घेऊन मी इतकी वर्षं मनात भांडलो, तो समोरच्या बाजूला उभा होता.

मामा म्हणाला, "आमी बोललो असतो तर तू जन्मलाच नसतास. मंग आज बोंबलायला कोन आलं असतं?"

हे त्याने आधीपासून तयार ठेवलेलं उत्तर होतं, ते ऐकताच कळलं. रंग मारून ठेवलेलं. मी त्याला म्हणालो, माझ्या जन्माचं मी विचारत नाही. त्याचा हिशेब मी तुझ्याकडे मागत नाही. मी जन्मलो, बरं झालं. मी मोठा झाल्यावर मला का सांगितलं नाहीत, ते विचारतोय. मी लग्न करायच्या आधी सुनंदाला बाजूला बसवून सांगितलं असतं. तिने नाही म्हटलं असतं, किंवा माझ्या बापासारखं हो म्हटलं असतं. पण ते तिने म्हटलं असतं. मयूरीचं आम्ही दोघांनी ठरवलं असतं. तुम्ही आम्हाला बांधावर बसू दिलं नाहीत.

मामाचा हात थांबला. अडकित्त्याचं पातं उघडं, मधे अर्धी सुपारी.

टेम्पोत दारं चढवली. पुढचं दारही मी चढवलं, वाळवीसकट. खालचा रंग खरवडून, पोकळ भाग उघडा ठेवून गाळ्यात उभं करीन. कुणी घेईल, न घेईल.

निघताना मी मामाला जे सांगितलं ते इथे पुन्हा लिहितो, म्हणजे नंतर त्याला 'असं बोललाच नव्हता' म्हणता येणार नाही.

रविवारी तू कोपरला यायचंस. गुडघ्याचं सांगू नकोस, टेम्पो पाठवीन, पुढच्या सीटवर बसून ये. पोराच्या आई-बापासमोर तू माझ्या बाजूला बसायचंस. माझं मी सांगणार आहे. रक्त दिलंय, निकाल यायचा आहे, आला की तुम्हाला कळवीन, मग हो म्हणा की नाही म्हणा. आईचं मी सांगेन. पण आजीचं तू सांगायचंस, तुझ्या तोंडाने, तिचं नाव घेऊन, कारण आमच्या घरात ते नाव कुणी घेतलेलं मी ऐकलेलं नाही.

आई गेली. बाप गेला, त्याला आता विचारता येत नाही, आणि त्याच्यावरचा माझा राग कुठे ठेवायचा ते मला अजून कळलेलं नाही. उरलास तू. तेव्हा रविवारी सगळ्यांसमोर मी तुला एकच विचारणार आहे. आजीचा हात धरून तू तिला त्या रांगेत उभं केलंस, तेव्हा तिच्यामागे तुझी बहीण उभी राहू शकते, बहिणीमागे मी, माझ्यामागे मयूरी, हे तुला माहीत होतं का? होतं की नव्हतं, तेवढं सांग. अडकित्ता खाली ठेव आणि सांग.